टाकीखालची तणीस

२०१८ साल. दसऱ्याचे दिवस. धान निसवून लोंब्या धरत होता आणि गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी गावाच्या शेवटच्या घरांच्या परसापर्यंत येऊन थांबलं होतं. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, आणि त्यातली बेचाळीस वर्षं एका बाईचा हेवा करण्यात गेली होती.

ती बाई म्हणजे शकुनबाई. भांड्यांचे दुकानदार बाबूलाल यांची बायको, माहेर एकोडीचं. माझं लग्न चौऱ्याहत्तर साली झालं. पहिल्याच पोळ्याला सासूबाई करंज्या लाटता लाटता म्हणाल्या, "नत्थूले पयले एकोडीची पोरगी पाह्यली होती. गोरीपान. हाताले चव होती तिच्या. पण गुण नाही जुळले." सासूबाई वाईट नव्हत्या, तोंडात आलं ते बोलून गेल्या. मी ते गिळलं. दोन वर्षांनी तीच पोरगी लग्न होऊन आमच्याच गावात आली, आमच्यापासून चार घरं सोडून.

गावातल्या सगळ्या बाया ह्यांना नत्थूभाऊ म्हणायच्या. शकुनबाई कधी भाऊ म्हणाली नाही. ती म्हणायची "मिस्त्री". आता मिस्त्रीकाम करणाऱ्याला मिस्त्री म्हटलं तर त्यात वावगं काय? काहीच नाही. तरी मला दरवेळी त्यातलं न म्हटलेलं "भाऊ" तेवढं ऐकू यायचं.

आमची तीन एकर धानाची शेती होती, पण ह्यांचा जीव हत्यारांत. तरुणपणी दोन वर्षं ते एका धरणावरच्या लाँचवर कामाला होते. तिथे इंजिन आणि नाव दोन्ही शिकून आले. गावात डोंगा गळायला लागला, पंप बंद पडला, की माणूस आमच्या दारात. एकच उणीव होती. टायफाईड झाला तेव्हापासून ह्यांना वास येत नसे. दूध करपलं तरी कळायचं नाही, गॅस सुटला तरी कळायचं नाही. बियाण्याच्या धानाला कुबट वास लागला आहे का, रंगात भेसळ आहे का, सगळं मी हुंगून सांगायची. हाक मारायचे, "रुखमा, जरा नाक दे." मी हातातलं काम टाकून जायची. संसारात माझ्याशिवाय ह्यांचं अडतं असं हे एकच काम होतं, आणि मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी बाबूलाल नवरात्रात आमच्या घरी आले. पाणी वाढल्यापासून पलीकडच्या गावांची पायवाट बुडाली होती, म्हणून त्यांचा मुलगा कमलेश मोटर लावलेली छोटी नाव चालवायचा. माणसं, बकऱ्या, धानाची पोती, सगळं त्यातून जायचं.

"नत्थूभाऊ, पेट्रोलचा डबा पायात ठेवते पोरगा," बाबूलाल म्हणाले. "परवा बकरीनं लाथ मारून सांडवला. अन् मांगं बसून केवळराम बिडी पेटवून राहिला!"

"मंग?"

"मंग काय, बकरी कूदली, केवळरामच्या तोंडातली बिडी पाण्यात पडली. बकरीनंच सांडवला, बकरीनंच वाचवला. पण दर खेपेले बकरी कुठून आणू जी?"

हे खूप हसले. मग म्हणाले, डबा नको, नावेच्या फळ्यांखाली पक्की टाकी बसवू. त्याच दिवसापासून ह्यांचं जेवण शकुनबाईच्या अंगणात व्हायला लागलं.

पाणी बाबूलाल यांच्या परसाला टेकलं होतं, म्हणून नाव तिथेच, पाण्याच्या काठावर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. हे सकाळी भाकर खाऊन जायचे आणि दिवेलागणीला यायचे. हातपाय धुता धुता मला सगळं सांगायचे, जणू मीच मालकीण.

"टाकी बुडाले टेकू द्यायची नाही, रुखमा. नावेच्या तळाले पाणी साचतेच. म्हणून सागाच्या दोन आडव्या पट्ट्या, त्यावर रबर, अन् रबरावर टाकी. खालून हात जाईल एवढी जागा मोकळी. वरून लोखंडी पट्टे, असे आवळले का लाट येवो, बकरी कूदो, हालायची नाही. भरायचं तोंड नावेच्या बाहेरच्या कडेले. सांडलं तर पाण्यात सांडंल, पोटात नाही. हवा जायची नळीबी बाहेर. जोडाले एक नाही, दोन दोन क्लिपा."

"एवढं कायले?"

"पेट्रोलची वाफ वर नाही जात. खाली बसते, खड्ड्यात पाणी साचते तशी. फळ्यांखाली साचली अन् कोणी काडी ओढली तर नाव अन् माणसं सगळं उडते."

मी विचारलं, "जेवले काय?"

"हाव. लाखोरीच्या डाळीचे वडे होते."

असं रोज. कधी वडे, कधी मासोळीचा रस्सा. मी घरी त्याच लाखोरीची डाळ वाटून वडे केले. ह्यांनी चार खाल्ले, चांगले झाले म्हणाले. चांगले झाले एवढंच.

पाचव्या दिवशी मीच डबा घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, पाहू तरी. शकुनबाई ओसरीत बसून पितळेच्या गुंडांना, म्हणजे पाण्याच्या घागरींना, तणीस, धानाचा वाळला पेंढा, गुंडाळत होती. दुसऱ्या दिवशी ती भांडी दसऱ्याच्या बाजारात जायची होती. भंडाऱ्याहून माल आणायचा, धानाच्या तणशीत बसवायचा आणि बाजारात न्यायचा, हे काम तिने आयुष्यभर केलं होतं. तिच्या हातून गेलेल्या भांड्याला कधी पोचा पडला नाही, असं बाबूलाल गावभर सांगायचे.

"या रुखमाबाई," ती म्हणाली. "डबा कायले आणला? मी काय मिस्त्रीले उपाशी ठेवतो?"

"तुमच्या हातचं खाऊन खाऊन पोट बिघडंल म्हणून आणला."

ती हसली. तिला राग आला नाही, म्हणून मला जास्त आला.

नावेत टाकी बसली होती. शकुनबाई उठून काठापर्यंत आली आणि वाकून पाहत म्हणाली, "मिस्त्री, खाली मोकळी काहून ठेवली? हालंल, आवाज करंल. तणशीचं पोतं घाला न खाली. आमचं भांडं तणशीत बसलं का मुंबईले जाते, पोचा नाही पडत."

"भांडं कोरड्यात राहते, बाई," हे म्हणाले. "टाकी ओल्यात. तणीस पाणी धरून ठेवते, अन् ते पाणी टाकीच्या पत्र्याले खाते. अन् तणीस दबते. आज बोटभर आहे ते उद्या अर्धं बोट. टाकी खाली बसली का नळीवर ताण." मग जरा जोरात म्हणाले, "नोको. तुम्ही तुमचे गुंड सांभाळा."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. डबा ठेवून घरी येताना मी दोनदा एकटीच हसले.

मी नावेच्या दुसऱ्या अंगाने गेले नसते तर ते हसू टिकलं असतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, मी त्या अंगाने गेले. नाकाडावर, नावेच्या पुढच्या टोकाला, पिवळ्या रंगात ह्यांच्याच अक्षरात नाव लिहिलं होतं: शकुन. आजूबाजूला दोन कमळं. नाव द्यायचं बाबूलाल यांनी सांगितलं असेल, पण कमळं कोणी सांगितली? ह्यांना मी चव्वेचाळीस वर्षांत कधी फूल काढताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरच्या प्रत्येक भांड्यावर ह्यांचं नाव कोरलं आहे, तपेल्यापासून चमच्यापर्यंत. माझं नाव एका वाटीवरही नाही.

त्या दिवशी हे दुपारी आंघोळीला घरी आले, चार वाजता परत गेले आणि बाहेरच्या तोंडातूनच टाकीत पेट्रोल भरलं. फळीचं झाकण त्यांनी आंघोळीला येण्याआधीच स्क्रूने बसवलं होतं. आता ते तसंच बंद ठेवायचं आणि सकाळी उघडून वास घ्यायचा. कुठे बारीक गळत असलं तरी रातभरात वाफ खाली साचते आणि सकाळी कळते. नाक नसलेल्या माणसाची ही परीक्षा.

दसऱ्याच्या सकाळी उजाडता उजाडता हे म्हणाले, "चाल रुखमा, जरा नाक दे."

शकुनबाईच्या घरात सगळे सणाच्या गडबडीत होते. परसात आम्ही दोघंच. ह्यांनी स्क्रू काढले आणि झाकण एका बाजूने वीतभर उचलून दोन्ही हातांनी धरलं. मी गुडघे टेकून वाकले. आत अंधार होता. ते टाकीकडे पाहत नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहत होते.

वास आला. थोडाबहुत नाही. डोळ्यांत पाणी यावं असा आला.

मी खरं काय ते लिहिते. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की वास आहे म्हटलं तर हे पुन्हा सगळं उसवतील. अजून आठ दिवस. आठ दिवस ते अंगण, ते वडे, ते "मिस्त्री". मनात म्हटलं, काल भरताना चार थेंब सांडले असतील, त्याचा असेल, उडून जाईल.

"आला काय?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी झाकण ठेवलं. उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला आणि म्हणाले, "झालं. सुटलो."

दहा वाजता अर्धं गाव परसात जमलं. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, नारळ. कमलेश नवा शर्ट घालून मोटरजवळ उभा. त्याची बायको रेणू काठावर, आणि त्यांची पाच वर्षांची गुड्डी आधीच नावेत चढून नाकाडावर पाय हलवत बसलेली. मोटरला हळदकुंकू झालं, वल्ह्याला झालं. मग शकुनबाई ताट घेऊन नावेत उतरली. ताटात तुपाचा दिवा पेटलेला, आणि कापराच्या वड्या.

"कमलेश, झाकण काढ," ती म्हणाली. "नावेच्या पोटात टाकी आहे. पोटाची पूजा नाही केली तर बाकीची करून काय?"

"आई, दिवा वरूनच दाखव न."

"अन् अंधारात देव कसा दिसंल?"

हे पुढे झाले. "शकुनबाई, दिवा खाली नोको नेऊ."

"मिस्त्री, तुमच्या रुखमाबाईनं सकाळी वास घेतला न? नाही म्हणाली न?"

हे थांबले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हाव. रुखमानं पाह्यलं आहे. रुखमा नाही म्हणाली म्हणजे नाही." आणि बाजूला झाले.

कमलेशने झाकण काढून फळीवर ठेवलं. मोटरच्या नावेत पेट्रोलचा वास नेहमीचाच, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. शकुनबाईने ताट खाली टेकलं, वाकली आणि कापराची वडी उचलून दिव्याकडे नेली.

"थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की गुड्डी दचकली. "आरती थांबवा! दिवा बाहेर घ्या! वास आहे आत!"

शकुनबाई तशीच वाकून माझ्याकडे पाहायला लागली. वडी तिच्या बोटांत. "रुखमाबाई," ती हळू म्हणाली, "चाळीस वर्षं पाहून राहिली मी. माह्या घरी पाळणा हलला तर तुमच्या कपाळाले आठी, दुकान चाललं तर आठी. आज सणाचा दिवस आहे. आजतरी दृष्ट नोको लावू."

"दृष्ट नाही व बाई! वास आहे. सकाळी बी होता."

"मंग सकाळी काहून नाही म्हटलं?"

आता काय सांगायचं? परसात सत्तर-ऐंशी माणसं. दिवा तसाच, झाकणाच्या भोकापासून हातभर.

"खोटं बोलली मी," मी म्हटलं. "वास आहे म्हटलं असतं तर हे आखिन आठ दिवस तुह्या अंगणात राह्यले असते. म्हणून."

मग मागून केवळराम फसकन हसला. "साठीची बुढी झाली अन् आता सवत पाहून राहिली!" मग दोन बाया हसल्या, मग पोरं. मला वाटलं जमीन फाटावी.

हे हसले नाहीत. "सकाळी आला होता वास?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"जोराचा?"

"हाव."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग वळून, आवाज न चढवता म्हणाले, "कमलेश, गुड्डीले उचल. शकुनबाई, ते ताट तसंच धरा, वर उचला, अन् मांगं मांगं काठावर या. फुंकू नोका, हलवू नोका. बाकी सगळे घराकडे व्हा. केवळराम, बिडी."

केवळरामचं हसू गेलं. बिडी त्याने पायाखाली चिरडली आणि मग तो पायही उचलून दुसरीकडे ठेवला.

दिवा घरात गेल्यावर ह्यांनी दुपारपर्यंत झाकण उघडं ठेवलं, वारा खेळू दिला. मग पट्टे सोडून टाकी उचलली. खाली पोतं होतं. आत तणीस भरलेली, हात लावला तर पेट्रोल निथळत होतं. पोतं एका अंगाला दबून टाकी दोन बोटं कलली होती आणि भरायची नळी तोंडापासून निम्मी ओढली गेली होती. दोन क्लिपांपैकी एक निसटली होती, दुसरी कशीबशी धरून होती.

ह्यांनी पोतं काठावर टाकलं. "हे कोणं घातलं?"

कमलेश आईकडे पाहायला लागला. शकुनबाई ओसरीच्या पायरीवर बसली होती, मघाचं ताट अजून मांडीवर. "मीच," ती म्हणाली. "तुम्ही आंघोळीले गेले तेव्हा. कमलेशनं स्क्रू काढून पट्टे ढिले केले, मी पोतं सरकवलं, अन् झाकण होतं तसं बसवलं. आवाज करंल म्हणून वाटलं." मग म्हणाली, "मी जिंदगीभर तणशीनं भांडी सांभाळली जी. मले वाटलं, तुम्ही मिस्त्री आहे, तुम्हाले भांड्यातलं काय कळते."

बाबूलाल कपाळाला हात लावून बसले. "घर जाळत होती, बाई, घर."

मला वाटलं होतं, तिची चूक सापडली की मला हलकं वाटेल. नाही वाटलं. तिने तणीस घातली ती अडाणीपणाने, काळजीने. मी नाही म्हटलं ते सगळं कळून. गुड्डी नाकाडावर पाय हलवत बसली होती, ती आठवण काही केल्या जाईना.

पुढे आठ दिवसच लागले. हे रोज गेले. मीही रोज डबा घेऊन गेले, आणि कोणी काही म्हणालं नाही. शकुनबाईने ह्यांच्यासोबत मलाही जेवायला वाढलं. मी जेवले. वडे खरंच चांगले होते, माझ्यापेक्षा चांगले. घरी हे बोलायचे, शेताचं, हवामानाचं, मुलाच्या फोनचं. टाकीचं नाही.

नवव्या दिवशी सकाळी परीक्षा होती. ह्यांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. मी डबा खाली ठेवला आणि पदर खोचून पुढे झाले.

"रेणू," ह्यांनी हाक मारली. "पोरी, इकडे ये बरं. जरा नाक दे."

रेणू भांडी घासत होती. हात पुसून आली, वाकली, दोनदा वास घेतला. "नाही जी, काका. काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की जी."

त्यांनी झाकण बसवलं. मी तिथेच होते, दोन हातांवर. डबा उचलला आणि घरी आले.

दिवाळीच्या आधी नाव पाण्यात उतरली. तिची पूजा काठावरूनच झाली, उदबत्तीसुद्धा न लावता. चार वर्षं ती चालली आणि टाकीतून एक थेंब कधी गळला नाही. नंतर कमलेशने मोठी लोखंडी नाव घेतली. त्यातली टाकी त्याने स्वतः बसवली, ह्यांनी दाखवली होती तशीच. आता तो गुरुवारी बाजारच्या खेपा करतो आणि बाकीचे दिवस मासोळी आणतो.

बाबूलाल यांनी भांड्यांचं दुकान बंद केलं. स्टीलपुढे पितळ कोणी घेईना. ते मोठ्या मुलाकडे भंडाऱ्याला राहतात, गावी फक्त लग्नांना येतात. केवळराम लकव्यानं अंथरुणाला खिळला आहे. बिडी सुटली, जीभ तशीच आहे. गुड्डी यंदा सातवीत आहे आणि पोहण्यात शाळेत पहिली येते. रेणू आशा वर्कर झाली, साऱ्या गावाचा ताप-खोकला आता तीच पाहते.

हे एकवीस सालच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी आंगणात बसले होते, छातीत कळ आली आणि झालं. त्या दसऱ्यापासूनच्या अडीच वर्षांत ते माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, हात उगारला नाही, औषध मी दिलं तेच घेतलं. फक्त वास कधी विचारला नाही. मी आपणहून सांगायची, दूध लागलं, गॅस येऊन राहिला. ते ऐकायचे, मान हलवायचे, आणि मग शेजारच्या कोणाला तरी बोलावून विचारून घ्यायचे.

मुलगा मंगेश नागपूरला आहे. मला तिकडे चल म्हणतो. मी जाते, पंधरा दिवस राहते आणि परत येते.

शकुनबाई अजून आहे, कमलेशजवळ गावातच. मोतीबिंदू काढला, दोन्ही गुडघे गेले, काठीशिवाय परसापर्यंतही जाता येत नाही. दुपारी मी तिच्या ओसरीत जाऊन बसते. माझे गुडघे अजून चांगले आहेत. हे तिला दिसतं, आणि मला बरं वाटतं.